मुकुंदरावांना परवानगी हवी

चिक्कडपल्लीला बसमधून उतरताना तारामतीच्या पिशवीतली व्हिडिओ टेप खाली पडली. मागच्या तरुणानं ती उचलली, लेबल वाचलं, आणि हा बाबा म्हणतो कसा—

"अमेरिकेची टेप. आपल्या मशीनवर नुसते पट्टे दिसतील."

"ठाऊक आहे. आपल्या मशीनवर चालेल अशी बदलूनच घ्यायचीय."

"टेप काढणाऱ्या कंपनीची परवानगी आहे?"

आता बोला! ओळख ना पाळख, लागला चौकशी करायला! तारामतीनं टेप हिसकावली. तासाभरानं विद्यानगरच्या तिच्या सरकारी संस्थेत, व्हिडिओ विभागाच्या टेबलामागे तोच बसलेला... नवा माणूस, मुकुंदराव. वय तीस, नाव मात्र आजोबांचं.

"आपल्या पंचवीस मुली जुलैत बहिऱ्यांच्या शाळांवर शिकवायला जाणार," ती म्हणाली. "लेकराला पहिला शब्द कसा शिकवायचा ते यात आहे. न बघता जाऊन काय शिकवतील त्या?"

"परवानगीशिवाय नक्को, मॅडम."

"बाजारात कुणीही करून देतो!"

"देतो ना. मग मुलींना काय सांगायचं, चोरून आणली म्हणून?"

असा संताप आला तिला! आणि संतापाच्या भरात लक्षात राहिले ते त्याचे शांत, तपकिरी डोळे. याचा तर आणखीच राग आला.

इराण्याच्या हॉटेलात बसून दोघांनी कंपनीला तीन पत्रं लिहिली. तो हळूच बिस्किटाची बशी तिच्याकडे सरकवायचा, ती भांडत भांडत सगळी बिस्किटं खाऊन टाकायची.

परवानगी आली जूनच्या मध्यावर. तोवर दोन तारखेला राज्याचे दोन तुकडे झालेले.

"यात 'आंध्र प्रदेशातील संस्थेस' लिहिलंय," मुकुंदराव चष्मा पुसत म्हणाला. "आपण तर आता तेलंगणात..."

"अहो, संस्था जागेवरून इंचभर तरी हलली का? तुम्ही माणूस आहात की रबरी शिक्का?"

त्यानं त्याच दुपारी कंपनीला ईमेल केला. चार दिवसांनी उत्तर आलं, राज्य कुठलंही असो, खुशाल दाखवा. टेप बदलली. पडद्यावरच्या चिमुरडीनं "मॉम" म्हणायला ओठ जुळवले आणि पंचवीस मुली रडल्या. तारामतीनं वळून पाहिलं. तोही नाक ओढत होता. तिथंच ती हरली.

पुढच्या वर्षी दोन राज्यांतल्या कर्मचाऱ्यांच्या वाटणीची यादी लागली. मुकुंदराव शाळा कर्नूलला शिकला, म्हणून आंध्राच्या वाट्याला! आणि तिला हे सांगितलं कुणी? शिपाई अंबाजीनं!

ती तरातरा त्याच्या टेबलाशी गेली.

"हरकतीचा अर्ज केलात?"

"नाही... काय कारण लिहू?"

"एका टेपसाठी सातासमुद्रापार पत्रं धाडलीत, आणि स्वतःसाठी एक ओळ नाही? माझ्यासाठी नाही?" तिचा आवाज फाटला. "मला न सांगता निघाला होतात!"

"तुम्हाला विचारायचं... कितीदा ठरवलं, तारामती. धीरच होईना."

तिनं कोरा अर्ज त्याच्यापुढे आपटला. त्यात एक रकाना होता, पती किंवा पत्नी याच राज्यात नोकरीला आहे काय?

"लिहा, आहे म्हणून."

तो कानापर्यंत लाल झाला. पेन उचललं, खाली ठेवलं. "पण... खोटं कसं लिहू?"

"कोण म्हणतं खोटं लिहा?" तारामती डोळे पुसत कडाडली. "अर्जाला पंधरा दिवसांची मुदत आहे. आज संध्याकाळी घरी या, बाबांशी बोला!"