पिशवी हलवणारी

दार लोटून घ्या आणि जवळ सरका. ही इकडूनतिकडून आलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली, त्यानेच खाली मान घालून सांगितलेली आहे.

स्टँडवरच्या टॅक्सीवाल्यांत एक होता, त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. गाडीतला रेडिओ बंद पडला तरी हा चालूच, म्हणून. मागचं दार वाजलं की सवारी बसली असं समजायचं, गियर टाकायचा आणि तोंड सोडायचं, ही त्याची रीत. वळून बघायचं काम नाही. पण माणूस सभ्य. मागे एकटी बाई असली, त्यातून रात्रीची, तर हा आधी आतला आरसा छताकडे वळवून टाकायचा. तिला अवघडायला नको. सगळा जन्म गाडीत गेलेला, हाताला सांगावं लागत नसे.

त्याची एकुलती मुलगी ठकी माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली. चार दिवस घर नुसतं हसत होतं. मग ठकीला थंडी वाजून ताप भरला. बाळंतिणीला येतो थोडाफार, असं कुणीतरी म्हणालं आणि त्या म्हणण्यात एक अख्खा दिवस गेला. दवाखान्यात नेली तेव्हा ती बरळत होती. अंगावर जांभळे डाग, आणि सुई टोचली तिथून रक्त झिरपतंय ते थांबायचं नाव घेत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "जंतू गर्भाशयातून रक्तात शिरलेत काका. रक्त असं पिसाळलंय की बारीक बारीक नसांत, जिथे नको तिथे गोठत सुटलंय. गोठवायचं सगळं सामान तिकडेच उडालं. आता जिथे खरंच थांबवायचंय तिथे काही शिल्लक नाही."

"म्हणजे गोठतंय पण आणि वाहतंय पण? एकाच अंगात?"

"एकाच अंगात. जंतूंवरचं औषध जोरात चालू आहे, आमच्याकडचा प्लाझ्मा दिला. पण प्लेटलेट पार तळाला गेल्यात. त्या मोठ्या रक्तपेढीत मिळतील. कोण जाईल?"

जावई सह्यांना लागणार, ठकीची आई बाळापाशी. गाडी रेडिओची. तोच निघाला. ऐन थंडीतली शनिवारची रात्र होती, आणि रक्तपेढीच्या घड्याळात सव्वाबारा झाले होते.

तिथे एक चष्मेवाला माणूस कामावर होता. मागे एका मशीनच्या फळीवर पिवळट पिशव्या डुलत होत्या. त्यातली एक त्याने हातात दिली.

"हे रक्त?" रेडिओ म्हणाला. "हे तर सरबत दिसतंय. बर्फाचा डबा आणलाय, त्यात घालू?"

"अहो, बर्फ दाखवूही नका हिला! गारठली की कामातून गेली. आणि एका जागी पडून राहू द्यायची नाही. हे मशीन बघा, सारखं झुलवतंय. कुणाच्या तरी मांडीवर द्या. तान्ह्या पोराला निजवतात ना, तशी हळूहळू हलवत न्यायची."

"मी एकटाच आलोय. गाडी चालवू की हिला निजवू?"

चष्मेवाला हसला. "थांबा. एक सिस्टर सुटतेय, तुमच्याच वाटेवर राहते. पाठवतो खाली. तुम्ही गाडी काढून ठेवा."

रेडिओने पिशवी मागच्या सीटवर ठेवली, इंजिन चालू केलं आणि जावयाला फोन लावला. "मिळाली रे! निघतोच आता. कशी आहे?"

पलीकडे श्वास ऐकू आला. मग, "लवकर या," एवढंच.

फोन खिशात टाकला तोच मागचं दार वाजलं. गियर पडला. हात वर गेला, आरसा छताकडे वळला. गाडी निघाली.

"सिस्टर, पिशवी घेतलीत ना मांडीवर?"

"हं."

आवाज बसलेला. दमली असेल बिचारी, दिवसभर उभी. मागून पिशवीची सळसळ सुरू झाली, एका लयीत, आणि रेडिओच्या जिवात जीव आला. भीतीने तोंड उलट जास्तच सुटलं.

"उपकार झाले हो तुमचे. लेकीसाठी नेतोय. ठकी. ती चालायच्या आधी बोलायला लागली, माझ्यावर गेलीय ना! शाळेत बाईंनी विचारलं, बाबा काय काम करतात? ही म्हणते, माझे बाबा बोलतात."

मागून बारीक हसू आलं.

"हसा, हसा. बाईही हसल्या होत्या. मी स्टँडवर तोंड दाखवायच्या लायकीचा राहिलो नव्हतो."

सळसळ चालू होती.

"बाळ रडत होतं का, बाबा? तुम्ही निघताना?"

दवाखान्यातल्या सगळ्याच सिस्टर म्हाताऱ्या माणसाला बाबा म्हणतात. त्याला काही वाटलं नाही.

"रडत होतं ना. भुकेलं असेल. आजी फिरवत होती खांद्यावर."

"हं..."

पुढे पुलाचा चढ लागला. बोलण्याच्या नादात गियर बदलायचा राहिला आणि गाडी धापा टाकायला लागली.

"बाबा, गियर बदला. गाडी रडतेय."

त्याने बदलला. गाडी चढ चढली. पुलाच्या माथ्यावर आली.

आणि मग त्याच्या कानात ते शब्द पोचले.

गाडी रडतेय. लोक म्हणतात घरघरतेय, ओढत नाही, खेचतेय. रडतेय असं म्हणणारं सबंध जगात एकच माणूस होतं. पुढच्या सीटवर बसून पाय खाली पोचत नव्हते तेव्हापासून.

रेडिओ बंद पडला.

मागे सळसळ... सळसळ...

हात आरशाकडे गेला. बोटं काचेला लागली. गार होती. थोडासाच वळवायचा होता. पण वळवला तर ती दिसेल. आणि ती इथे दिसली तर... मग तिथे, खाटेवर...

नाही बघितलं तोवर ती तिथेच होती. डोळे मिटून, बापाची वाट बघत.

हात खाली आला.

"ठके?"

त्याने आपल्या बाजूची काच वर चढवली.

"थंडी वाजतेय का गं?"

"नाही बाबा. आता नाही."

रस्ता मोकळा. एक दिवा गेला. दुसरा गेला. त्याने पाय दाबला. काटा चढला.

"बाबा..."

"बोल गं राणी."

"आता हळू चालवलंत तरी चालेल."

तो थांबला नाही. पाय उचलला नाही. समोरचा रस्ता पाण्यात विरघळत होता आणि तो त्यातूनच गाडी हाणत होता.

"नाही चालणार," तो म्हणाला. "नाही चालणार गं..."

मागे फक्त सळसळ.

दवाखान्याच्या पायरीवर जावई बसला होता. पायात चप्पल नव्हती. सासऱ्याला बघून उठायला गेला, ते जमलं नाही.

"तुमचा फोन आला ना... त्याच्या जरा आधी. मला सांगता आलं नाही, बाबा. तुम्ही एवढ्या आनंदाने म्हणालात, मिळाली रे..."

रेडिओने मान हलवली. खिशातला फोन केव्हाचा वाजत होता, तो त्याने आता कानाला लावला. चष्मेवाला चिडला होता. "अहो काका, कमाल करता! सिस्टरला घेऊन खाली येतो तर गाडी गायब! पिशवी हलवायला आहे का कुणी?"

"आहे," रेडिओ म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं.

मागचं दार त्याने उघडलं. कुणी नव्हतं. पिशवी सीटवर होती. वॉर्डातली सिस्टर धावत खाली आली होती; खालच्या मजल्यावर आणखी कुणाला तरी आता तीच पिशवी हवी होती. तिने ती दिव्यासमोर धरली. आतलं पिवळं अजून गोल गोल फिरत होतं, धुरासारखं.

"किती छान आणलीत हो सांभाळून," ती बोलून गेली आणि तशीच पळाली.

मग कुणी कुणी खांद्यावर हात ठेवला, आत बोलावलं. "येतो," म्हणाला तो. पण आधी मागच्या सीटवर जाऊन बसला. इतक्या वर्षांत स्वतःच्या गाडीत मागे कधी बसला नव्हता. दार ओढून घेतलं. टेकायला हात खाली ठेवला तर सीटचं कव्हर ओलं लागलं.

रक्त... त्याला वाटलं. त्याने तळवा आतल्या दिव्याखाली धरला.

रक्त नव्हतं. कोमट होतं. पांढरं. त्याने तळवा नाकाशी नेला.

दूध होतं.