लँडफिलवरची सरळ रेषा

ईशान, फोन खाली ठेव. इशिता, घाबरणार असशील तर आत काकूजवळ जाऊन बस. नाही? मग ऐका.

माझ्या ऑफिसात राकेश आहे ना, नागपूरचा, त्याची ही गोष्ट. केया त्याच्याच टीममध्ये. डिसेंबरात दोघांचं लग्न ठरलेलं. पोरगा इतका वेडा, की तिचा डबासुद्धा हाच धुवायचा. दिवाळीच्या आदल्या शनिवारी रात्री दोघं शुगर लँड गावाच्या पलीकडे एका जुन्या, बंद लँडफिलवर सर्व्हे करायला गेले. कचऱ्याची मोठी टेकडी, वर गवत. आत कचरा किती खोल आहे, ते न खणता शोधायचं होतं.

काम सोपं. जमिनीत सेन्सरची लांब ओळ खोचायची. एकाने लोखंडी प्लेटवर घण घालायचा. हादरा खाली जाऊन परत येतो, तो दुसऱ्याने लॅपटॉपवर बघायचा. प्रत्येक सेन्सरची एक रेषा. शेजारून माणूस चालला तरी ती उडते. दिवसा हायवेवरच्या ट्रकांमुळे काही धड दिसत नाही, म्हणून रात्री जायचं. आणि घण घालण्याआधी हलायचं नाही. ही सवय आम्हा लोकांच्या हाडात भिनलेली असते.

राकेश ओळीच्या या टोकाला, टेकडीच्या पायथ्याशी, गाडीत. केया मधोमध, घण घेऊन, डोक्याला दिवा.

राकेश वॉकीटॉकीवर म्हणाला, "थांब." ती थांबली. सगळ्या रेषा सरळ झाल्या.

मग पलीकडच्या टोकाची रेषा उडाली.

मग तिच्या अलीकडची. मग तिच्याही अलीकडची...

कोणीतरी चालत येत होतं. केयाकडे.

राकेशने टॉर्च मारला. नुसतं गवत.

वॉकीवर केयाचा आवाज आला, अगदी हळू. "राकेश... मागे कोण आहे?"

पळ म्हणायला हवं होतं. पण तोंडातून सवयीचंच निघालं.

"हलू नकोस."

ती हलली नाही.

पावलं तिच्यापाशी आली. थांबली.

...

मग परत फिरली. पण आता एकाची नव्हती. दोघांची होती, प्रत्येक रेषा दोनदा उडत होती.

आणि केयाचा दिवा तर जागेवरच होता.

राकेशने हाक मारली. दिवा वळला. ती खाली आली, गाडीत बसली, म्हणाली, "चल ना, भूक लागलीय."

हो, लग्न झालं. तुम्ही दोघं नाचलात की त्यात. मी राकेशला विचारलं होतं, नक्की करतोयस ना रे? रडला. म्हणाला, "काका, तिला मीच थांबवलं होतं. आता कसा सोडू?"

कारण त्या रात्री ती सेन्सरच्या अगदी शेजारून चालत गाडीपर्यंत आली, तेव्हा त्याची नजर स्क्रीनवर होती.

एकही रेषा हलली नाही.