नाक आपल्याकडे वळलं की…

सासूबाईंनी न्याहारीच्या वेळीच चिमुरड्या मिओचे कपडे पिशवीत भरायला घेतले, तेव्हा चिझुरुने सुपाचा वाडगा तसाच खाली ठेवला…

"आई, आजची परीक्षा व्हायचीय अजून!"

"रोजचंच आहे गं ते. रोज हे येऊन सांगतात, हललं म्हणून. आज मीच येते बघायला," सासूबाई हात्सुए तिच्याकडे न पाहताच म्हणाल्या.

गेल्या वर्षी तिच्या नवऱ्याची, तेप्पेईची गाडी बर्फात घसरली, तो गेला, आणि सासऱ्यांनी, मोरिझोंनी, तरुण सुनेला माहेरी धाडायचं ठरवलं. तिने चटईवर डोकं टेकून विनवलं होतं, "शेतांवर औषध फवारायचं रिमोटवरचं हेलिकॉप्टर मी शिकते, बाबा! तुमच्या मुलासारखं उडवून दाखवलं, तर मला या घरातच राहू द्या!" मोरिझो नुसते 'हं' म्हणाले होते.

तेव्हापासून कापणी झालेल्या शेतात तिचा सराव चाले, आणि रोज मोरिझो परीक्षा घेत: नाक उडवणाऱ्याकडे ठेवून हेलिकॉप्टर हवेत जागच्या जागी धरायचं, जरा हललं की नापास. हेलिकॉप्टरची शेपूट आपल्याकडे असली की हात आपोआप बरोबर वळतो. पण नाक आपल्याकडे वळलं की सगळंच उलटं! ते अंगावर येऊ लागलं की घाबरलेला हात त्याला दूर लोटायला जातो, आणि ते दुप्पट वेगाने अंगावर येतं… पंख्याची किती पाती मोडली, किती वेळा तिने मिओला पोटाशी धरून रडू गिळलं!

आज ते तिच्यासमोर हवेत, नाक तिच्याकडे करून, खिळ्याला टांगल्यासारखं स्थिर होतं.

"हललं," मागून मोरिझो म्हणाले. "उतरव."

तिने उतरवलं. डोळ्यांपुढचं शेत धूसर झालं…

"खोटं!" मिओला घेऊन बांधावर उभ्या असलेल्या हात्सुए ओरडल्या. "जन्म गेला माझा तुमचं उडवणं बघण्यात! तसूभर हललं नाही ते! मला वाटायचं, पोरीलाच जमत नाही…"

मोरिझोंनी मान खाली घातली.

"बर्फ पडायच्या आधीच जमलंय तिला. पण बरोबर म्हटलं असतं, तर माझ्या मुलाच्या तसबिरीपुढे उदबत्त्या लावत ती इथेच म्हातारी झाली असती! माझा मुलगा गेला, म्हणून कुणाची मुलगी मी अडकवून ठेवू?"

ज्या माणसाला ती दगड समजत आली, तो दगड तिच्यासाठीच आतून पाझरत होता!

"बाबा… एकदाच खरं सांगा. कसं उडवलं मी? मग तुम्ही म्हणाल तिथे मी जाईन."

म्हाताऱ्याने जमिनीवरच्या हेलिकॉप्टरकडे पाहिलं.

"तेप्पेईलासुद्धा असं कधी जमलं नाही, पोरी."

तिने कमरेत वाकून नमस्कार केला, गळ्यातला पट्टा काढला आणि रिमोटची पेटी त्यांच्यापुढे धरली. ती घ्यायला त्यांचे हात पुढे होईनात…

"आई पास झाली!" मिओ बांधावरून उड्या मारत आली. "म्हणजे आता आपण इथेच ना, आजोबा?"

मोरिझोंनी नातीला उचलून घेतलं, आणि आपला चेहरा तिला दिसू नये म्हणून तिचं डोकं खांद्यावर घट्ट दाबून धरलं.