आईच्या डोक्यावर त्यांची छत्री

फ्लेक्सची गुंडाळी मी दुकानाच्या फरशीवर उलगडली आणि माझ्या तोंडून किंकाळीच निघाली.

फोटो माझ्या आईचाच होता. नाकात नथ, डोक्यावर पदर, हात जोडलेले. खाली ठळक अक्षरांत चंद्रकलाताई. आणि आईच्या डोक्यावर भलीमोठी, काळीभोर... छत्री!

"ओ दादा, हे काय करून ठेवलंत? आमची निशाणी कपबशी आहे! छत्री तर समोरच्यांची –"

"आणि आमची आई कपबशी घेऊन उभी आहे," शेजारून आवाज आला.

मी वळून पाहिलं. उंच, उन्हानं रापलेला एक मुलगा आपला फ्लेक्स दोन्ही हातांनी ताणून धरून उभा होता. त्यावर हौसाताई, जांभूळपाड्याच्या. आमच्या समोरच्या!

आमची वेळुंडे–जांभूळपाडा गट ग्रामपंचायत. गावं दोन, मध्ये एक माळ, आणि सरपंचपद यंदा बायकांसाठी राखीव. वेळुंड्यातून माझी आई, जांभूळपाड्यातून हौसाताई. मुरबाडला फ्लेक्स छापला तर डिझाईन आधीच समोरच्यांच्या मोबाईलवर जातं, म्हणून मी मुद्दाम शहापूर गाठलं होतं. तीच अक्कल त्यांनीही चालवली होती, आणि दुकानदारानं दोघांची मिळून खिचडी केली होती.

"तुमी हौसाताईंचे –?"

"मुलगा. आदेश. कसाऱ्याला हायवेच्या कामावर असतो, म्हणून गावात दिसत नाय." तो माझ्या फ्लेक्सकडे बघत म्हणाला, "तुमच्या आईला छत्री शोभते हो. येताय का आमच्यात?"

"तुमच्या आईलाही कपबशी काही वाईट दिसत नाय!"

तो मोकळा हसला. मला हसायचं नव्हतं... पण आलं.

नवे फ्लेक्स छापून होईपर्यंत थांबणं भाग होतं. समोरच्या टपरीवर चहा घेता घेता विषय निघायचा तो निघालाच. माळाचा. एका कंपनीला तिथं गोदाम बांधायचं होतं. हौसाताईंचं म्हणणं, येऊ द्या. आईचं म्हणणं, अजिबात नाही.

"पोरं भिवंडीच्या गोदामांत राबायला जातात," आदेश म्हणाला. "तेच काम दारात आलं तर वाईट काय?"

"आणि माळाखालचा झरा? उन्हाळ्यात वरच्या पाड्यातल्या बाया तिथूनच पाणी भरतात. काँक्रीट ओतल्यावर त्यांनी जायचं कुठं?"

मला वाटलं, आता हा आवाज चढवणार. आमच्याकडे प्रचारात सगळे तेच करत होते. तो मात्र हातातला ग्लास फिरवत राहिला.

"याचं उत्तर नाय माझ्याकडं," तो शेवटी म्हणाला. "विचार करायला पायजे."

मी बघतच राहिले. उमेदवाराचा मुलगा, ऐन निवडणुकीत, विरोधकाच्या मुलीला सांगतो की माझ्याकडे उत्तर नाही?

निघताना आम्ही एक ठरवलं. माळावरून हवं तितकं भांडायचं, पण एकमेकांच्या आईबद्दल वेडंवाकडं बोलायचं नाही आणि कुणाला बोलू द्यायचं नाही.

नंबर कधी दिला-घेतला, ते खरंच आठवत नाही.

मुरबाडच्या एका लॅबमध्ये मी रक्त घ्यायचं काम करते. त्याच आठवड्यात मी "पुढचे" म्हणून हाक मारली, आणि खुर्चीत येऊन बसला तो आदेश.

"तुमी? इथं?"

"थकवा येतो. हिमोग्लोबिन बघायचंय."

"गावातल्या उपकेंद्रात होतं की!"

"तिथं... गर्दी असते."

मी त्याच्या दंडाला रबर बांधलं. तो छताकडे बघत होता आणि कपाळावर घामाचे थेंब जमले होते.

"घाबरलात?"

"सुईला नाय," तो म्हणाला.

माझ्या हातातला कापूस खाली पडला. दुसरा कापूस घेतला, सुई टोचली, पट्टी लावली. त्याच्याकडे बघायची मात्र हिंमत झाली नाही.

"रिपोर्ट संध्याकाळी मिळेल, तुम्हाला," मी पुटपुटले.

"तुला म्हण ना," तो दारातून म्हणाला. "विरोधकांना कोण एवढा मान देतं?"

मग फोन सुरू झाले. तो गोदामाची बाजू मांडायचा, मी झऱ्याची. कधी कधी इतके तावातावानं भांडायचो की आई आतून विचारायची, "कोणाशी गो एवढी?" मी म्हणायचे, "पेशंट हाय." खोटं बोलताना कान गरम व्हायचे.

मतदान जवळ आलं आणि म्हशाची जत्रा भरली. धूळ, बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा, घोंगड्यांचे ढीग, जिलेबीचा वास. त्या माणसांच्या पुरात आम्ही दोघं एका बांगड्यांच्या दुकानापाशी उभे होतो. हिरव्या की लाल, ते माझं ठरत नव्हतं.

"हिरव्या," आदेश म्हणाला. "लाल रंग आमच्या पॅनलचा. तुझ्या हातात बघून माझी माणसं उगाच आशेला लागतील..."

"आणि तू?"

"मी तर कधीच लागलोय."

मी मान वर केली. त्याच वेळी त्याचा मोबाईल वाजला. त्यानं सहज पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं हसू विझलं.

दोन्ही गावांच्या ग्रुपवर एक फोटो आला होता. हौसाताई हसत उभ्या, शेजारी गोदामवाल्या कंपनीचा माणूस, त्याचा हात त्यांच्या खांद्यावर. खाली लिहिलं होतं – *माळही विकला आणि लाजही.*



"हा वर्षाच्या साखरपुड्यातला फोटो आहे," आदेश कसाबसा म्हणाला. वर्षा म्हणजे त्याची बहीण. "शेजारी माझा मामा होता. मामाचं डोकं कापून ह्याचं लावलंय."

"आमच्या माणसांचं काम नाय हे!" मी ठासून म्हणाले. "शक्यच नाय. थांब, दाखवते तुला."

मी आमच्या पॅनलचा ग्रुप उघडला. जत्रेच्या नादात सकाळपासून पाहिलाच नव्हता. फोटो तिथं होता. माझ्या चुलत भावानं, दीपेशनं टाकलेला – 'कसा जमलाय? दुपारी सोडतो.' त्याखाली लोकांचे अंगठे. आणि त्या अंगठ्यांत एक माझ्या आईचा.

जत्रेचा सगळा आवाज बंद पडल्यासारखा झाला. मोबाईल लपवावा असं एक क्षण वाटलं... मग तो मी आदेशच्या हातात दिला.

त्यानं वाचलं. मोबाईल मला परत दिला.

"मला घरी जायला पायजे," एवढंच म्हणाला. "पोरं पेटली असतील."

मला दोष दिला असता तर बरं वाटलं असतं. तो गर्दीत दिसेनासा झाला आणि मी रिकाम्या मनगटांनी उभी राहिले.

घरी आई सभेची तयारी करत होती.

"आये, त्या फोटोला तू अंगठा दिलास?"

ती साडीच्या निऱ्या करत राहिली. "सगळ्यांनी दिला. निवडणूक हाय गो."

"खोटा आहे ना तो? तुला माहीत होतं ना?"

तिनं नजर वर केली नाही. लहानपणी शेजारच्या झाडाची एक कैरी न विचारता तोडली म्हणून मला परत द्यायला लावणारी माझी आई! मला रडूही येईना.

संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर आमची शेवटची सभा भरली. दीपेश बोलून खाली बसला आणि मी उठले. माईक हातात घेतला.

"हौसाताईंचा तो फोटो खोटा आहे," मी म्हणाले. "आमच्यातूनच गेलाय. माझं मत माझ्या आईलाच आहे, आणि माळावर गोदाम मला नकोच आहे. पण त्यासाठी एका बाईची अब्रू घ्यायची असेल, तर जिंकून आपण करायचं काय?"

दीपेश ओरडला, "ही फितूर झालीय! जांभूळपाड्याच्या पोरासंगं जत्रेत फिरत होती, इचारा तिला!"

शंभर डोळे माझ्यावर रोखले गेले. आईचेही. आई उठली, माझ्याकडे चालत आली. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. मी डोळे मिटले.

तिनं माझ्या हातातून माईक काढून घेतला.

"पोरगी खरं बोलते," तिचा आवाज चिरकला होता. "त्या फोटूला माझा पण अंगठा हाय. मला ठाव होतं. मी गप र्‍हायले. चुकले मी."

माईक तिथंच ठेवून ती चालायला लागली. "आये, कुठं?" मी मागे धावले. ती थांबली नाही. माळ ओलांडून थेट जांभूळपाडा.

हौसाताईंच्या अंगणात पोरांचा घोळका होता. काहींच्या हातांत काठ्या. आणि अंगणाच्या फाटकाच्या खांबांना दोन्ही हात लावून वाट अडवत आदेश उभा होता. शर्टाची बाही फाटली होती. दुपारपासून तो आपल्याच मित्रांना वेळुंड्यात जाऊ देत नव्हता. आम्हाला बघून पोरं आपोआप बाजूला झाली.

हौसाताई ओटीवर बसल्या होत्या. डोळे सुजलेले. आई अंगणातच उभी राहिली.

"हौसा, फोटू आमच्यातून गेला. मला ठाव असून गेला. सगळ्यांसमोर सांगून आले. तुला काय बोलायचं ते बोल."

आता शिव्या पडतील म्हणून मी आईचा हात घट्ट धरला. हौसाताई उठल्या, आत गेल्या आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या.

"माळाचं तुझं मला पटत नाय, चंद्रकला. पटणार पण नाय," त्या म्हणाल्या. "पण माळ तुडवत आलीस. बस. पाणी घे."

आई तिथंच पायरीवर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. माझ्या आईला अशी रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मतदान झालं. निकाल लागला. थोडक्या मतांनी आई हरली.

वेळुंड्यात बरेच जण माझ्याशी बोलेनासे झाले. दीपेशनं तर आमच्या अंगणात पाऊल टाकणंच सोडलं. आईनं मला एका शब्दानं दोष दिला नाही, पण चुलीपुढे गप्प बसलेली ती बघवत नव्हती.

निकालाच्या दुपारीच विजयाची मिरवणूक निघाली. ढोल-ताशा, फटाके, गुलाल. आवाज जवळ येऊ लागला तशी मी खिडकी लावून घेतली... आणि एकदम सगळा आवाज थांबला. दार किलकिलं करून पाहते तर मिरवणूक आमच्या घरासमोरून मुकाट चालली होती! ढोलवाल्यानं ढोलावर हात दाबून धरला होता. हौसाताई मात्र गर्दीतून निघून आमच्या दारात आल्या.

"चंद्रकला, पहिल्या ग्रामसभेत माळाचा विषय घेणाराय. तू ये. वरच्या पाड्यातल्या बायांना पण घेऊन ये. तुझ्या तोंडून विरोध ऐकल्याशिवाय मी ठराव मांडणार नाय."

आईनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "येईन. सोडणार नाय तुला."

"नकोच सोडू."

मी मागच्या दारानं बाहेर आले. पेंढ्याच्या उडवीपाशी आदेश उभा होता. केसांत, गालांवर, भुवयांवर सगळीकडे गुलाल.

"मी छत्रीलाच मत दिलं," तो म्हणाला.

"आणि मी कपबशीला."

"ग्रामसभेत गोदामासाठी हात वर करीन. पण झऱ्याची जागा सोडून. तेवढं मला पटलंय."

"मी पूर्ण विरोधात करीन."

"मग... आपलं काय, रुचिता?"

माझं नाव त्यानं पहिल्यांदा घेतलं होतं. मी हात पुढे केला... आणि त्यानं तो दोन्ही हातांत घेतला.

"आयुष्यभर भांडशील?" त्यानं विचारलं.

"रोज," मी म्हणाले.

"रुचिता!"

मागच्या दारात आई उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. आदेश दोन पावलं मागे सरला. मी तळवा पाहिला. लालभडक, आमच्या हरण्याचा गुलाल! मी घाईघाईनं पाण्याच्या पिंपाकडे वळले.

आई जवळ आली. माझं मनगट धरलं, तळवा उलटून पाहिला. मग आदेशकडे पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडे.

"धू नको गो," ती हळूच म्हणाली. "र्‍हाऊ दे."