दिशा लक्षात ठेवणारा दगड

दगड वितळतो का?

शाल्मलीला हा प्रश्न पडला तेव्हा ती एका ढगाच्या आत उभी होती. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात ढगांना आभाळात राहायचा कंटाळा येतो. ते खुशाल खाली उतरतात आणि गवतावर लोळतात. अशाच एका पांढऱ्या ढगात, डन आर्ना नावाच्या टेकडीच्या माथ्यावर, तिच्यासमोर एका फार जुन्या किल्ल्याची भिंत होती. भिंत कसली, गुडघाभर उंचीचा अवशेष! बाकीचे दगड कधीच उतारावर घरंगळून गेले होते, आणि त्यांच्यामधून मुक्कामाच्या कॉटेजशेजारी राहणाऱ्या मॉयराबाईंच्या मेंढ्या चरत होत्या. पण जो तुकडा जागेवर उरला होता तो विचित्र होता. त्यातले दगड एकमेकांना घट्ट चिकटलेले होते, पण मध्ये ना चुना होता ना माती. होती ती काळपट हिरवी काच, आणि तिचे थिजलेले ओघळ.

"आबा, ही तर दगडांची चिक्की आहे!" शाल्मली ओरडली.

आबा म्हणजे तिचे आजोबा, डॉ. जयसिंग साबळे. साताऱ्याच्या घरी कमी आणि जगभरच्या टेकड्यांवर जास्त राहणारा माणूस. या वर्षी गुडघे कुरकुरायला लागले होते, म्हणून ही त्यांची शेवटची मोहीम होती. सोबतीला त्यांनी नातीला आणलं होतं.

"शेंगदाणे कोण आणि गूळ कोण, ते सांग," आबा म्हणाले.

"शेंगदाणे म्हणजे दगड. आणि गूळ म्हणजे... वितळलेला दगड?"

"शाब्बास! याला काचीभवन (दगड प्रचंड उष्णतेनं वितळून, थंड होताना काचेसारखा होणं) म्हणतात. या भिंतीत मोठमोठे ओंडके घातलेले असणार. ते कुणीतरी पेटवले. शत्रूनं पेटवले की किल्ल्यातल्याच लोकांनी, ते कुणालाच नक्की ठाऊक नाही."

"आणि कधी पेटवले?"

"तेच तर शोधायला आलोय. ते कसं शोधायचं, ते उद्या सांगतो."

आबांचं हे 'उद्या सांगतो' घरात प्रसिद्ध होतं.

त्या दिवशी शाल्मलीचं मन मात्र दुसरीकडेच होतं. दिवाळी चार दिवसांवर आली होती. साताऱ्यात आता गल्लीगल्लीत मुलं चिखलानं माखून किल्ले बांधत असतील, आणि ती इथे, परक्या देशात, मेंढ्यांच्या संगतीत! तिला फार एकटं वाटलं. मग तिनं ठरवलं की इथेही किल्ला झालाच पाहिजे. आबा खाली कॉटेजकडे निघाल्यावर तिनं खिसे भरभरून दगड गोळा केले. महादरवाजाला काहीतरी झकास हवं होतं. भिंतीतून बाहेर आलेला एक काचेरी तुकडा तिनं सहज ओढून पाहिला, तर तो टचकन हातात आला. संध्याकाळपर्यंत कॉटेजच्या अंगणात बुरूज उभे राहिले, चिखलावर अळीव पेरलं गेलं, पिशवीतून आणलेले मातीचे मावळे पहाऱ्यावर गेले. महादरवाजाचा काचेरी दगड मावळतीच्या उन्हात हिरवा चमकत होता. शाल्मली त्याच्याकडे बघत राहिली, आणि बऱ्याच दिवसांनी तिला घरच्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आबा तिला पुन्हा वर घेऊन गेले. पुढे खेकडोबा चालला होता. हा आबांचा सहा पायांचा यंत्रमानव. चढावर तो आडवा आडवा चालायचा म्हणून शाल्मलीनं त्याला हे नाव दिलं होतं. मराठी तो आबांकडूनच शिकला होता, त्यामुळे बोलायचा अगदी दरबारी थाटात.

"हं, आता ऐक," आबा एका दगडावर टेकत म्हणाले. "दगडात लोखंडाचे बारीक बारीक कण असतात. प्रत्येक कण म्हणजे एक इवलंसं होकायंत्र समज. एरवी ती होकायंत्रं अडकून पडलेली असतात. पण दगड क्यूरी तापमानाच्या (ज्या उष्णतेला पदार्थ आपलं चुंबकत्व सोडून देतो, त्या तापमानाच्या) वर गेला की ती मोकळी होतात. मग दगड थंड होतो. तेव्हा काय होईल?"

"ती सगळी उत्तरेकडे तोंड करतील आणि तशीच अडकून बसतील!"

"बरोब्बर. आता गंमत अशी, की चुंबकीय उत्तर दिशा (होकायंत्राची सुई दाखवते ती दिशा) एका जागी राहत नाही. शतकाशतकाला ती थोडी थोडी सरकते. कोणत्या काळात ती कुठे होती, याचा तक्ता आमच्याकडे आहे. दगडातली दिशा मोजायची, तक्त्याशी ताडून पाहायची, की आग केव्हा विझली ते कळतं."

शाल्मलीला ती कल्पना इतकी आवडली की ती क्षणभर धुक्यातच हरवली. या टेकडीच्या पोटात लाखो इवल्या सुया, सगळ्या एकाच जुन्या दिशेकडे बघत निजलेल्या!

"फक्त एक अट आहे," आबा पुढे म्हणाले. "दगड ज्या जागी थंड झाला त्याच जागी, तसाच असायला हवा. हलला की दिशा गेली. घरंगळलेले हे सगळे दगड म्हणून निरुपयोगी. आणि उरलेल्या भिंतीला हत्यार लावायची परवानगी नाही. आपल्याला मिळालाय तो फक्त बाहेर आलेला एक तुकडा. परवानगीचा आज शेवटचा दिवस."

शाल्मलीनं चटकन भिंतीकडे बघितलं.

भिंतीपाशी पोचलेल्या खेकडोबानं मान वर केली. "साहेब, क्षमा असावी. तो तुकडा काल होता, आज नाही. तुटलेली जागा ताजी दिसते."

आबा उठले आणि त्यांनी वाकून बघितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच हळूहळू पुन्हा खाली बसले, आणि शाल्मलीला पहिल्यांदा जाणवलं की आपले आबा म्हातारे झालेत.

"आबा, मी... माझ्या किल्ल्याच्या दरवाजाला..." ती रडायलाच लागली.

आबांनी तिला जवळ घेतलं. "साताऱ्याची पोरगी दिवाळीत दगड उचलणारच. मीच कालचं काल सांगायला हवं होतं. माझं मेलं ते 'उद्या सांगतो'!" त्यांनी खिशातून चिक्कीची वडी काढली आणि कटकन मोडून अर्धी तिच्या हातावर ठेवली. "खा. जाऊ दे."

शाल्मलीनं तुकडा तोंडाजवळ नेला आणि थांबली. मोडलेल्या कडेला अर्धा शेंगदाणा होता. त्याचा दुसरा अर्धा आबांच्या तुकड्यात होता. तिनं आपला तुकडा त्यांच्या तुकड्याला लावला. वेडावाकडा धरला तर फट राहत होती. नीट धरला, आणि शेंगदाणा पुन्हा एक झाला.

"आबा!" ती ताडकन उठली. "हे एकाच तऱ्हेनं बसतं! दगडही तसाच बसेल ना?"

आबांनी तिच्याकडे बघितलं, मग चिक्कीकडे, मग भिंतीकडे. "खेकडोबा," ते हळूच म्हणाले, "तुटलेल्या जागेचा रेणूनकाशा (अगदी बारीकसारीक उंचसखलपणाचा नकाशा) काढ. शाल्मली, पळ!"

ती पळाली. घसरली, उठली, पुन्हा पळाली. महादरवाजा उपटताना दोन मावळे कोसळले, पण तिनं मागे वळून बघितलं नाही. दगड ओढणीत गुंडाळून तिनं बाळासारखा वर आणला. कडेवरचा चिखल आबांनी ओल्या कापसानं अलगद टिपून काढला.

खेकडोबानं तुकडा भिंतीशी धरला. किंचित फिरवला. फट. पुन्हा फिरवला. फट. मग एक बारीकसा टक् आवाज आला, आणि काचेचा तुटका ओघळ वरच्या ओघळाशी जुळून सरळ खाली उतरला.

"बसला, शाल्मलीताई," खेकडोबा म्हणाला. "केसभरही फट नाही."

आबांनी दगडावर आजच्या उत्तरेची खूण केली. मग खेकडोबानं आपला मापक त्याच्यावर टेकवला, आणि संध्याकाळच्या धुक्यात दगडातली दिशा दाखवणारी निळ्या प्रकाशाची एक रेघ निघाली. ती आजच्या खुणेपासून जराशी बाजूला होती, आणि तिरकी होऊन टेकडीच्या पोटात उतरत होती.

"उत्तर दिशा जमिनीत?" शाल्मलीनं कुजबुजत विचारलं.

"पृथ्वीचं चुंबकत्व इथे आडवं नसतं, खाली झुकलेलं असतं. तो झुकावही वेळ सांगायला मदत करतो." आबा आकडे बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते. "सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी, बाळा. तेव्हा इथली आग विझली. एका तुकड्यावर शिक्कामोर्तब होत नाही, पुढे कुणीतरी पुन्हा तपासेल. पण पहिला धागा आपल्याला मिळाला."

शाल्मली त्या निळ्या रेघेच्या बाजूला उभी राहिली. राख थंड होत असताना इथे कोण उभं असेल? तिच्याएवढी एखादी मुलगी? त्यांच्या किल्ल्याची ती दिशा तेवढी उरली होती.

खाली उतरताना तिनं विचारलं, "आबा, माझ्या किल्ल्यात आजची उत्तर दिशा राहील?"

"पणतीच्या उष्णतेत नाही राहणार. पण चांगला जाळ केला तर मातीतही राहते."

मग काय! मॉयराबाईंनी वाळलेलं पीट (दलदलीत तयार झालेलं, जळणाला वापरतात ते मातीसारखं इंधन) आणि लाकडं दिली आणि स्वतःही शेकत बसल्या. महादरवाजाच्या रिकाम्या जागी शाल्मलीनं ओल्या मातीची कमान केली, मावळे दूर नेले, आणि कमानीभोवती जाळ पेटवला. माती लालबुंद झाली आणि निखाऱ्यांत हळूहळू निवत गेली. शाल्मलीला वाटलं, त्या मातीतल्या सुया आत्ता, याच घटकेला, एकेक करून वळताहेत.

साताऱ्याला निघायच्या सकाळी सामान भरून झालं. खेकडोबा अंगणात आडवा आडवा आला.

"शाल्मलीताई, ही कमान पेटीत बांधून देऊ? सोबत नेता येईल."

"नको, नको!" शाल्मली धावत आली आणि हात पसरून कमानीपुढे उभी राहिली. "तिला हात लावायचा नाही. कुणीतरी शोधायला येईपर्यंत ती इथेच राहणार."