अर्धी राहिलेली कुऱ्हाड

मी यांगझोऊचा. चहाघरांत गोष्टी सांगणं हा आमचा धंदा. एक मेज, एक पंखा आणि मेजावर आपटायचा लाकडी ठोकळा, एवढाच पसारा. महापुराला तीन वर्षं झाली होती. गे गुरुजी अंथरुणाला खिळले होते. एका सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"रुआन, कालव्यावरच्या हेथांग गावी जाऊन ये. तिथं माझी एक गोष्ट अर्धी राहिलीय."

"कुठली?"

"सरदार मेंगची. मान खाली, कुऱ्हाड वर... तिथं थांबलो होतो. तेवढी संपवून ये."

मी हसलो. ऐन रंगात थांबून 'उद्या या' म्हणायचं, हीच तर आमची रीत. लोक दुसऱ्या दिवशी येतात ते त्या टांगलेल्या कुऱ्हाडीसाठी.

दुपारी नावेतून उतरलो, तेव्हा धुकं इतकं दाट होतं की पाणी नुसतं ऐकू येत होतं. चहाघराची मालकीण, मियाओबाई, दारातच उभी होती.

"गे गुरुजींचे शिष्य ना? बरं झालं आलात. पण मास्तर, आज मधे थांबू नका."

"का हो?"

"त्या दिवशी गुरुजी 'उद्या सांगतो' म्हणाले आणि शेवटच्या नावेनं गेले. रात्री बांध फुटला." तिनं उघड्या तळव्यानंच तोंड पुसलं. "ऐकायला बसलेले सगळे गेले. मी तेवढी माळ्यावर होते."

मी आत गेलो. बाकं रिकामीच होती. मी मेजामागं बसलो, ठोकळा आपटला आणि सुरुवात केली. धुकं दारातून आत आलं. त्यात गाळाचा वास होता, पूर ओसरल्यावर घरांत राहतो तसा. मग बाकं करकरायला लागली. आधी एक, मग चार, मग सगळी. मी पंख्याआडून पाहिलं. माणसं बसली होती. चहाचा एक पेला वाजत नव्हता, कोणी खोकत नव्हतं.

मेंगची मान ओंडक्यावर आली. जल्लादानं कुऱ्हाड उचलली. सवयीनं माझा हात थांबण्याचा ठोका द्यायला ठोकळ्याकडं गेला... आणि पहिल्या बाकावरचा म्हातारा हळूच म्हणाला,

"आज नको, मास्तर. फार दिवस झाले."

त्याच्या दाढीतून पाणी ठिबकत होतं.

मी हात मागं घेतला. गोष्ट पुढं सांगत राहिलो. राजाचा घोडेस्वार माफी घेऊन आला, कुऱ्हाड ओंडक्यात रुतली, मेंग सुटला, घरी गेला, आईच्या हातची पेज प्याला. पुढं त्याचं लग्न लावलं, नातवंडं दिली, म्हातारपणी झोपेत मरण दिलं. एक धागा लोंबता ठेवला नाही. म्हातारा उठला, दोन्ही हात जोडून वाकला. एकेक जण उठून धुक्यात गेला. मला रडू आलं, भीतीनं की कशानं, ते सांगता येणार नाही.

शेवटच्या बाकावर एक बाई राहिली होती. खांद्यावर लहान मुलगी, गाढ झोपलेली.

"गोष्ट संपली, बाई," मी म्हणालो.

"हिला झोप लागली हो मधेच. हिनं शेवट ऐकलाच नाही." ती लाजल्यासारखी हसली. "उद्या येतो आम्ही."

मी 'नको' म्हणायला तोंड उघडलं, तोवर बाक रिकामं झालं होतं.

मी रात्रीसुद्धा थांबलो नाही. गुरुजींना सांगितलं, गोष्ट संपवली. ते शांतपणे गेले. पण त्यानंतर कुठल्याही गावी, कुठल्याही चहाघरात ठोकळा आपटला की शेवटच्या बाकावर ती बाई असते. दरवेळी मी मेंगची गोष्ट शेवटापर्यंत सांगतो, मुद्दाम मोठ्या आवाजात. मुलगी काही जागी होत नाही.

मागच्या महिन्यात नीट पाहिलं. मुलगी आता खांद्यावर मावत नाही. तिचे पाय आईच्या गुडघ्याखाली लोंबत होते.