हलव्याचा काटा

शीतनिधीच्या प्रयोगशाळेत डॉ. खेडेकरांनी दोन परीक्षानळ्या उजेडासमोर धरल्या. दोन्हींतला द्रव थिजलेला होता, पण काचेसारखा नितळ. त्याच्या आरपार समोर बसलेल्या सुनीतीबाईंचे पांढरे केस दिसत होते.

"डावीकडचा नमुना सात नंबरच्या कुपीतला. परवा जागे झाले ना, ते गृहस्थ. उजवीकडचा बकुळच्या कुपीतला," खेडेकर म्हणाल्या.

सुनीतीबाईंच्या मांडीवर हलव्याचा डबा होता. त्यांच्या आठ वर्षांच्या लेकीचं, बकुळचं, यकृत निकामी झालं तेव्हा त्यावर औषध नव्हतं, म्हणून तिला थिजवून काचनिद्रेत ठेवलं होतं. आता औषध आलं होतं आणि आज तिला उठवायचं होतं. संक्रांतीचा तिचा वाढदिवस. डोळे उघडताच हलव्याचे दागिने मागेल, म्हणून बाईंनी मंद आचेवर परात ठेवून बोटं भाजून घेतली होती.

खेडेकरांचे सहकारी डॉ. मुलाणी यांनी दोन्ही नळ्या तापकात ठेवल्या. डावीकडची नितळच राहिली आणि वितळली. उजवीकडची वितळता वितळता एकाएकी दुधासारखी पांढरीफटक पडली.

"पुन्हा करून बघा, मुलाणी."

"मॅडम, सकाळपासून तेच करतोय."

सुनीतीबाई म्हणाल्या, "मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंय. माझ्या डोक्यावरून बोलू नका. तो बर्फ ना? पण ती तर काच होती."

खेडेकर त्यांच्याजवळ येऊन बसल्या. "बर्फाचे स्फटिक वाढले की पेशी फाटतात. म्हणून आपण शरीरात हिमरोधक द्रव भरतो आणि झपाट्यानं थंड करतो. रेणूंना रांग धरायला वेळच मिळत नाही. जिथं असतील तिथंच थिजतात. ती काच."

"ती खोल थंडीत असते तोवर निर्धास्त," मुलाणी म्हणाले. "तापमान जरा वर गेलं की रेणू कुशीवर वळतात. चार जण एकत्र आले की हिमबीज तयार. डोळ्यांना काही दिसत नाही, काच नितळच असते. पुन्हा थंड केलं तरी बीज मोडत नाही. आणि उठवताना त्या प्रत्येक बीजावर बर्फ चढतो."

सुनीतीबाईंनी डब्याचं झाकण उघडलं. "तिळावर पाक चढतो तसा?"

"अगदी तसाच."

"पण तीळ आले कुठून? दोन्ही कुप्या एकाच टाकीत होत्या ना?"

मुलाणींची नजर भिंतीपलीकडे, नातेवाइकांना कुपी दाखवायच्या दर्शनकक्षाकडे गेली आणि तिथंच अडकली.

"तो कक्ष टाकीइतका थंड ठेवता येत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "खिडकीला सोसत नाही. कुपी तिथं वर आणली की दरवेळी थोडी बीजं... नितळ दिसतंय म्हणजे सुखरूप आहे, असंच तेव्हा सगळ्यांना वाटायचं."

सुनीतीबाईंना खिडकीपलीकडचा तो चेहरा आठवला. दर वाढदिवसाला त्या निरांजन घेऊन यायच्या, तिला ओवाळायच्या. पुढं पुढं व्यवस्थापकांच्या हातापाया पडून दिवाळीचंही दर्शन त्यांनी पदरात पाडून घेतलं होतं. पोर कशी नितळ दिसायची!

"आणि सात नंबर?"

"त्यांना बघायला कधी कुणी आलंच नाही," खेडेकर म्हणाल्या.

"झपाट्यानं उठवलं तर?"

"इतक्या बीजांच्या पुढं धावेल असा तापक आज नाही. पुढं कधी निघेलही."

"तोवर ती आहे तशी राहील?"

"हलवली नाही तर." खेडेकर उठल्या. "जाण्याआधी तिला एकदा वर—" वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्या बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

"नको," सुनीतीबाई म्हणाल्या. "खालीच असू दे. मी येऊन रडले, भांडले, तरी आणू नका."

बाहेर व्हरांड्यात कांबळं पांघरून एक गृहस्थ उन्हाला बसले होते. ओठ अजून निळसर, पण बोटं हलत होती.

"बाई, एक विचारू? इथं मला कुणी सांगत नाही. मी सात नंबरचा. माझा भाऊ यायचा का हो मला बघायला?"

"नाही," त्या म्हणाल्या. "कुणी आलं नाही."

सुनीतीबाईंनी त्यांचा हात उताणा केला आणि त्यावर हलवा ओतला.

एक दाणा बोटात धरून त्या गृहस्थांनी उन्हात फिरवला. "वा! काटा काय सुरेख आलाय हो."

"हो," सुनीतीबाई म्हणाल्या, "माझा हात बसलाय त्यावर."